न्यूयॉर्क शहराचं ओळखपत्र: बाहेरून आलेल्या माणसाने ते कसं काढायचं, आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा



आपल्या वाड्यांवर आज असं घर शोधावं लागेल जिथलं कोणीच बाहेर नाही. कोणाचा मुलगा तारवटी, कोणाची मुलगी लग्न करून अमेरिकेला, कोणाचा भाचा शिकायला गेलेला. फोनवर बोलताना एक अडचण पुन्हा पुन्हा कानावर येते: "तिथे पावलोपावली आयडी मागतात, आणि माझ्याकडे पासपोर्ट सोडून काही नाही." मग तो पासपोर्ट खिशात घालून माणूस लोकलने फिरतो, दुकानात जातो, कामावर जातो. गर्दीत तो कुठे पडला तर? नवा काढेपर्यंतचा खर्च, धावपळ आणि जिवाला घोर, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं.

न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्यांसाठी यावर एक साधा उपाय आहे. तिथली महापालिका स्वतःचं ओळखपत्र देते. त्याचं नाव ‘आयडीएनवायसी’. ते मोफत आहे, आणि तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात की नाही, व्हिसा कोणता, असं काही न विचारता मिळतं. पण या कार्डाबद्दल गैरसमजही पुष्कळ आहेत. काही जण त्याला ग्रीन कार्डाचा धाकटा भाऊ समजतात, काही जण भीतीने हातच लावत नाहीत. म्हणून आज सगळं नीट, पायरी पायरीने सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या

आपण बोटवाले आहोत, तेव्हा आपल्याच भाषेत सांगतो. बोटीची नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा. नोंदणी सांगते ही बोट कोणाची, कुठली, नंबर काय. परवाना सांगतो की हिला मासे धरायची मुभा आहे. नुसत्या नोंदणीवर जाळं टाकता येत नाही, हे आपल्यातल्या पोरालाही माहीत असतं.

न्यूयॉर्कचं हे कार्ड म्हणजे नोंदणी आहे, परवाना नव्हे. हा माणूस कोण, जन्म कधीचा, आणि तो या शहरात कुठल्या पत्त्यावर राहतो, एवढंच ते सांगतं. त्याला अमेरिकेत राहायचा हक्क आहे का, नोकरी करायची मुभा आहे का, यावर ते एक शब्दही बोलत नाही. तो विषय दिल्लीसारखा वरच्या सरकारचा, म्हणजे वॉशिंग्टनचा. महापालिकेचा त्यात हात नाही.

आपल्या आधारचंही तसंच आहे. आधार भारतात राहणाऱ्याला मिळतं, आणि आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे हे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलेलं आहे. तरी बँकेत, रेशनवर, जेटीवर कागद तपासताना आपण आधारच पुढे करतो. ओळख पटवणं हे एक काम आणि हक्क देणं हे दुसरं. ही गाठ डोक्यात सुटली की पुढचं सगळं सोपं आहे.

हे कार्ड आलं कुठून

बाहेरून आलेल्यांनाही चालेल असं शहराचं ओळखपत्र अमेरिकेत पहिल्यांदा काढलं ते न्यूयॉर्कने नाही, तर जवळच्याच कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन या लहान शहराने, जुलै २००७ मध्ये. त्यामागचं कारण आपल्याला लगेच पटेल.

तिथे मेक्सिको, ग्वाटेमाला वगैरे देशांतून आलेले बरेच मजूर होते. त्यांच्याकडे तिथलं कुठलंच ओळखपत्र नव्हतं. ओळखपत्र नाही म्हणून बँक खातं नाही. खातं नाही म्हणून आठवड्याची मजुरी रोख, आणि ती रोख खिशात नाहीतर खोलीत गादीखाली. चोरांना हे ठाऊक झालं. पगाराच्या दिवशी वाटेत गाठायचं, मारायचं, पैसे काढून घ्यायचे. तिथले लोक या मजुरांना ‘चालतंफिरतं एटीएम’ म्हणायला लागले होते. लुटलेला माणूस पोलिसांकडेही जाईना, कारण तिथे पहिला प्रश्न ओळखपत्राचा. म्हणजे चोराला दुहेरी फायदा.

शहराने विचार केला, की हे लोक इथे राहतात, इथे राबतात, इथल्याच रस्त्यावर मार खातात. निदान त्यांची ओळख तरी आपण देऊ. जूनमध्ये नगरसेवकांनी मोठ्या बहुमताने योजना मंजूर केली. दोनच दिवसांनी केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने त्या शहरात छापे घालून सुमारे तीस जणांना पकडलं. लोक हादरले, पण शहर मागे हटलं नाही. पुढच्याच महिन्यात कार्डं द्यायला सुरुवात झाली. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोने २००९ मध्ये कार्ड काढलं, मग आणखी शहरांनी. न्यूयॉर्कचा कायदा २०१४ मध्ये झाला आणि जानेवारी २०१५ पासून कार्डं मिळायला लागली. आजवर दहा लाखांहून जास्त लोकांनी ते घेतलं आहे.

न्यूयॉर्कने एक शहाणपण केलं, तेही सांगितलं पाहिजे. नुसत्या कागद नसलेल्यांसाठी कार्ड काढलं असतं तर ते कार्डच त्यांच्या कपाळावरचा शिक्का झालं असतं. कार्ड दिसलं की समजा, याच्याकडे व्हिसा नाही! म्हणून शहराने ते सगळ्या रहिवाशांना खुलं ठेवलं, आणि जन्मापासूनच्या न्यूयॉर्ककरांनाही ते घ्यावंसं वाटेल अशी आमिषं लावली. संग्रहालयं, प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान अशा अनेक ठिकाणचं पहिल्या वर्षाचं सदस्यत्व त्यावर मोफत ठेवलं. मग बँकेतला साहेब आणि हॉटेलात भांडी घासणारा, दोघांच्याही खिशात तेच कार्ड. थव्यात एकटा मासा ओळखू येत नाही, तसं.

कोणाला मिळतं

अटी दोनच.

१. वय किमान १० वर्षं. (सुरुवातीला १४ होतं, नंतर खाली आणलं.) लहान मुलांसोबत आई-वडील किंवा पालक लागतात.

२. अर्ज करणारा न्यूयॉर्क शहरात राहणारा पाहिजे. शहर म्हणजे मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉंक्स आणि स्टेटन आयलंड हे पाच भाग.

ही दुसरी अट नीट वाचा. आपले बरेच लोक फोनवर "न्यूयॉर्कला आहे" म्हणतात, पण राहतात नदीपलीकडे न्यू जर्सीत: एडिसन, जर्सी सिटी वगैरे. काम न्यूयॉर्कला असलं तरी पत्ता न्यू जर्सीचा असेल तर हे कार्ड मिळत नाही. न्यू जर्सी हे वेगळं राज्य आहे. तिथल्या नेवार्क शहराचं स्वतःचं असंच कार्ड २०१५ पासून आहे. शिवाय न्यू जर्सी राज्याने २०२१ पासून आणि न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०१९ पासून साधं ड्रायव्हिंग लायसन्स इमिग्रेशनची स्थिती न पाहता द्यायला सुरुवात केली आहे. गाडी चालवणाऱ्याने आधी तिकडे बघावं.

तारवट्यांसाठी खास

आपल्या गोव्यातल्या घरांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जहाज न्यूयॉर्कच्या बंदराला लागलं आणि मुलगा चार दिवस उतरला, म्हणून तो शहराचा रहिवासी होत नाही. जहाजावरच्या कर्मचाऱ्याला क्रू व्हिसावर जास्तीत जास्त २९ दिवसांची किनाऱ्यावर उतरायची परवानगी मिळते, तीही जहाज सुटेपर्यंत. त्याची ओळख म्हणजे पासपोर्ट, त्याचं सीडीसी पुस्तक आणि जहाजाच्या कंपनीचे कागद.

कोणी कानात सांगितलं, की "तू उतर, शहराचं कार्ड काढून देतो, मग काही प्रॉब्लेम नाही," तर तो माणूस फसवतोय असं समजा. मुदत संपल्यावर मागे राहिलेल्या तारवट्याला हे कार्ड वाचवू शकत नाही. वर पुन्हा जहाजावर चढायची वाट बंद होण्याची वेळ येते, ती वेगळीच. ज्यांच्या घरी मुलगा क्रूझवर आहे त्यांनी एवढं त्याच्या कानावर घालाच.

तसंच आई-वडील चार-पाच महिने मुलाकडे राहायला जातात, त्यांचं. ते पाहुणे म्हणून गेलेले असतात. त्यांना या कार्डाच्या मागे लागायची गरज नाही. पासपोर्ट घरात नीट ठेवावा, त्याची झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो ठेवावा, तेवढं पुरे.

कागद कोणते लागतात: गुणांचा हिशेब

इथे सगळे गोंधळतात, पण हिशेब सोपा आहे. प्रत्येक कागदाला ठरावीक गुण असतात आणि एकूण ४ गुण जमवायचे असतात.

३ गुण ओळखीचे: तुम्ही कोण आहात.
१ गुण पत्त्याचा: तुम्ही शहरात कुठे राहता.

त्यात निदान एका कागदावर फोटो पाहिजे आणि निदान एकावर जन्मतारीख पाहिजे.

आपल्या माणसाला यात एक सोय आहे. यंत्रावर वाचता येणारा परदेशी पासपोर्ट, म्हणजे ज्याच्या फोटोच्या पानावर खाली बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात तो, एकटाच ओळखीचे ३ गुण मिळवून देतो. आपला हल्लीचा भारतीय पासपोर्ट तसाच असतो. त्यावर फोटोही आहे आणि जन्मतारीखही. म्हणजे ओळखीचं काम एका कागदात संपलं.

राहिला १ गुण पत्त्याचा. इथे अडकायला होतं. पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचा आपला गावचा पत्ता तिथे कामाचा नाही. न्यूयॉर्क शहरातला पत्ता, स्वतःच्या नावाने असलेला कागद लागतो. उदाहरणार्थ:

– वीज, गॅस यांसारखं बिल, ६० दिवसांच्या आतलं
– बँकेचं स्टेटमेंट, ६० दिवसांच्या आतलं
– पगाराची चिठ्ठी, ६० दिवसांच्या आतली
– घराचा चालू भाडेकरार
– इन्कम टॅक्सचे अलीकडचे कागद

यादी यापेक्षा बरीच लांब आहे. शाळा, हॉस्पिटल, निवारागृह यांच्या पत्रांनाही त्यात जागा आहे. बेघर माणसाला आणि घरातली मारहाण सोसून बाहेर पडलेल्या बाईला वेगळी सोय आहे. तिचा पत्ता कार्डावर न छापताही कार्ड मिळू शकतं. नवऱ्याच्या हाती कार्ड लागलं तरी ती कुठे राहते हे त्यावरून कळू नये, हा त्यातला विचार.

आता आपल्याकडच्या मुलींची नेहमीची अडचण. लग्न होऊन गेलेली मुलगी. भाडेकरार नवऱ्याच्या नावाने, विजेचं बिल नवऱ्याच्या नावाने, बँक खातंही त्याचंच. चार वर्षं त्या घरात राहूनही कागदावर ती कुठेच नाही. हा फक्त कार्डाचा प्रश्न नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर "मी इथे राहते" हेसुद्धा तिला सिद्ध करता येणार नाही. म्हणून मुलगी तिथे पोचली की पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी करून घ्यायला सांगा: भाडेकरारावर दोघांची नावं, आणि निदान एक बिल किंवा बँक खातं तिच्या नावाने किंवा जोडीने. पुढे कार्डच काय, बाकी कामंही त्यामुळे अडत नाहीत.

आणखी एक. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर पासपोर्टवर जे आहे तेच बिलावर आहे ना, हे आधी बघा.

अर्ज कसा करायचा: पायऱ्या

१. शहराच्या अधिकृत वेबसाइटवर अर्ज भरायचा आणि केंद्रावर जायची वेळ घ्यायची. इंग्रजी जमत नसेल तर शहरातून ३११ या नंबरवर फोन करायचा. तो न्यूयॉर्क महापालिकेचा चौकशी नंबर आहे, आणि तिथे दुभाषा मिळतो. कागदांची चालू यादी आणि जवळचं केंद्र तिथूनच विचारून घ्यावं, कारण यादीत अधूनमधून बदल होतात.

२. ठरल्या दिवशी स्वतः केंद्रावर जायचं. पाचही भागांत केंद्रं आहेत. दुसऱ्याने जाऊन चालत नाही.

३. मूळ कागद न्यायचे. झेरॉक्स चालत नाही.

४. केंद्रावरचा कर्मचारी कागद तपासतो आणि परत देतो. तिथेच फोटो काढतात, सही घेतात. आपला फोटो न्यायची गरज नाही.

५. कार्ड दिलेल्या पत्त्यावर टपालाने येतं. म्हणून पत्ता लिहिताना खोलीचा नंबर विसरू नका. चार जण मिळून राहत असाल तर टपालपेटीवर आपलं नाव आहे ना ते बघा.

६. कार्ड ५ वर्षं चालतं. मग नूतनीकरण.

अर्जाला फी नाही. "मी करून देतो, एवढे डॉलर द्या," असं सांगणारा एजंट भेटला तर सरळ वाट धरा. आपल्याकडे एखादा फॉर्म भरून द्यायचे पैसे घेणारे जसे असतात, तसे तिथेही असतात.

कार्ड कशाला उपयोगी पडतं

रोजच्या जगण्यात त्याचा खरा उपयोग आहे. पासपोर्ट घरी कुलपात ठेवता येतो, ही पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट.

मुलाच्या शाळेत किंवा सरकारी इमारतीत शिरताना दारावर ओळखपत्र लागतं, तिथे ते चालतं. शहराच्या सार्वजनिक वाचनालयात चालतं. लग्नाचा परवाना काढायला शहराच्या कार्यालयात चालतं. काही लहान बँका आणि पतसंस्था त्यावर खातं उघडतात. मोठ्या बँकांनी मात्र पहिल्यापासून हात आखडता घेतला आहे, तेव्हा आधी विचारून जावं.

पोलिसांचं काय? समजा किरकोळ चूक झाली. लाल दिव्याला सायकल दामटली. ओळख पटली तर पोलीस तिथल्या तिथे समन्सचा कागद हातात देऊन सोडू शकतो. ओळखच पटली नाही तर ठाण्यावर नेऊन बसवण्याची वेळ येते. न्यूयॉर्कचे पोलीस हे कार्ड ओळख म्हणून मानतात. हॉटेलच्या डिलिव्हरीची कामं करणाऱ्या पोरांना हा फरक चांगला माहीत आहे.

आणि एक गोष्ट आपल्या समुद्रावरच्या माणसांना लगेच पटेल अशी. कार्डाच्या मागे अडीअडचणीला कळवायच्या माणसाचं नाव-नंबर टाकायची सोय ठेवलेली आहे. रस्त्यात चक्कर आली, अपघात झाला, तर कोणाला फोन करायचा ते त्यावरून कळतं. खलाशी बोटीवरून पडला आणि त्याच्या घरचा नंबर कोणाकडेच नाही, तेव्हा तांडेलाची आणि मालकाची काय अवस्था होते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. परमुलुखात एकट्या राहणाऱ्याने ती जागा मोकळी ठेवू नये. तिथे जवळ राहणाऱ्या मित्राचा नंबर द्यावा, गावचा नव्हे. मध्यरात्री तिथून इथे फोन लावत कोणी बसत नाही.

कार्ड कशाला उपयोगी नाही

हे घरातल्या सगळ्यांनी वाचा.

– त्यावर नोकरी करता येत नाही. काम करायची परवानगी वेगळी.
– ते ड्रायव्हिंग लायसन्स नाही.
– त्यावर विमानात बसता येत नाही. देशातल्या देशात प्रवासालाही आपल्या माणसाने पासपोर्ट जवळ ठेवावा. ७ मे २०२५ पासून विमानतळावर ओळखपत्राचे नियम आणखी कडक झाले आहेत. परदेशी पासपोर्ट तिथे चालतो, हे कार्ड चालत नाही.
– त्याने व्हिसाची मुदत वाढत नाही, ग्रीन कार्ड जवळ येत नाही.
– त्यावर मत देता येत नाही. कुठल्याही सरकारी खिडकीवर मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे आला आणि आपण नागरिक नसू, तर त्यावर सही करायची नाही. "दिला म्हणून भरला" ही सबब तिथे चालत नाही. या एका सहीने पुढे ग्रीन कार्ड अडकू शकतं, आणि माणसाला परतही पाठवू शकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असतो. ग्रीन कार्ड असेल तर ते, व्हिसावर असेल तर आय-९४ या नोंदीचा छापील कागद. शहराचं कार्ड त्याच्या जागी चालत नाही. म्हणजे पासपोर्ट घरी ठेवला तरी आय-९४ चा कागद घडी करून पाकिटात पाहिजे. तसंच घर बदललं की १० दिवसांच्या आत नवा पत्ता केंद्राच्या इमिग्रेशन खात्याला कळवायचा असतो. शहराच्या कार्डावरचा पत्ता बदलला म्हणून ते काम झालं असं होत नाही. दोन खाती वेगळी, दोन अर्ज वेगळे.

दिलेली माहिती कुठे जाते?

हा प्रश्न आज सगळ्यांच्या मनात आहे, आणि तो बरोबरच आहे. कार्ड काढताना नाव, पत्ता, फोटो आपण स्वतःहून देतो. ते पुढे इमिग्रेशनवाल्यांच्या हाती गेलं तर?

जे घडलं ते असं. सुरुवातीला शहर अर्जदारांच्या कागदांच्या प्रती दोन वर्षांपर्यंत ठेवत होतं. कायद्यातच असं कलम घातलं होतं, की २०१६ च्या अखेरीस या साठवणीचा फेरविचार करायचा आणि त्या प्रती नष्ट करता येतील. नोव्हेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, वारं फिरलं, आणि शहराने प्रती नष्ट करायचं ठरवलं. स्टेटन आयलंडचे दोन आमदार त्याविरुद्ध कोर्टात गेले. सुरक्षेसाठी कागद ठेवले पाहिजेत असं त्यांचं म्हणणं. एप्रिल २०१७ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. तेव्हापासूनचा नियम असा, की केंद्रावर कागद बघायचे आणि परत करायचे. पासपोर्टची प्रत ठेवायची नाही.

पण अर्जात भरलेली माहिती, म्हणजे नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, ही शहराकडे राहते. ती गुप्त ठेवायचं बंधन शहराच्या कायद्यात आहे, आणि बाहेरच्या तपास यंत्रणेला ती हवी असेल तर न्यायाधीशाचा आदेश आणावा लागतो. अर्जात व्हिसाचा प्रश्नच नाही, त्यामुळे कोणाचा व्हिसा आहे नि कोणाचा नाही हे त्या नोंदीवरून कळत नाही.

म्हणजे धक्का भक्कम बांधलेला आहे. पण धक्का कितीही भक्कम असला तरी वादळाचा बावटा लागल्यावर आपण दोर आणखी एकदा तपासतोच. ज्याची मुदत उलटून गेली आहे, ज्याची केस चालू आहे, त्याने अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं. शहराच्या खर्चाने मिळणारा कायदेशीर सल्ला आहे. तो कुठे मिळेल हे ३११ वर विचारता येतं. मित्राच्या मित्राने फोनवर दिलेला सल्ला म्हणजे वकील नव्हे.

मग आपल्या माणसाने काढावं का?

शिकायला गेलेला मुलगा, नोकरीच्या व्हिसावर गेलेला, त्याची बायको, त्यांची दहा वर्षांवरची मुलं, हे सगळे खरोखर न्यूयॉर्क शहरात राहत असतील तर जरूर काढावं. खर्च नाही, धोका नाही, पासपोर्ट सुरक्षित राहतो. ग्रीन कार्डवाल्यानेही काढलं तर बरंच. राज्याचं लायसन्स आधीच खिशात असेल तर याची निकड नाही, पण संग्रहालयाच्या सवलतीसाठी बरेच जण घेतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्याने आपल्या राज्याचं लायसन्स किंवा ओळखपत्र बघावं. तारवट्याने आणि फिरायला गेलेल्याने याच्या नादी लागू नये. आणि ज्याचे कागद अडकलेले आहेत त्याने आधी वकील, मग कार्ड.

इथे बसलेल्या आपल्यालाही एक काम आहे. बाहेर गेलेल्या माणसाच्या पासपोर्टची, व्हिसाची, आय-९४ ची एकेक प्रत गावी घरात असू द्या, तिथल्या जवळच्या मित्राच्या नंबरसकट, एका पिशवीत, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. बोटीचे कागद जसे आपण प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका जागी ठेवतो, तसे. तिथे काही कमीजास्त झालं तर दूतावासाला फोन करताना पहिल्या मिनिटाला हेच कागद लागतात.

कोणाच्या घरचं माणूस न्यूयॉर्कला असेल तर हा मजकूर त्यांना पाठवा. काही विचारायचं असेल तर खाली लिहा. पण एक विनंती: कोणीही आपल्या माणसाचा पासपोर्ट नंबर, पत्ता किंवा व्हिसाची माहिती इथे सगळ्यांसमोर टाकू नका.